पक्ष्यांच्या बेटावर सापडलेले माशांचे टॅग: कोलंबिया नदीचं एक प्रकरण

अमेरिकेतली कोलंबिया नदी पॅसिफिक महासागराला मिळते तिथून साधारण ३४ किलोमीटर वर राइस बेट आहे. हे बेट नदीने घडवलेलं नाही. जहाजांचा मार्ग खोल राहावा म्हणून नदीच्या तळातली वाळू उपसायची आणि एका जागी टाकायची, असं वर्षानुवर्षं चाललं आणि त्यातून हे बेट उभं राहिलं. झाडझाडोरा नसलेली मोकळी वाळू कॅस्पियन सुरय पक्ष्यांना घरट्यांसाठी फार मानवते. १९८० च्या दशकाच्या मध्यावर ते तिथे वस्तीला आले आणि १९९८ पर्यंत त्यांच्या आठ हजारांहून अधिक जोड्या झाल्या. या पक्ष्याची एवढी मोठी वसाहत तेव्हा जगात दुसरीकडे कुठे माहीत नव्हती.

पिल्लं उडून गेल्यावर मागे राहते ती विष्ठेने पांढरी पडलेली वाळू आणि तिच्यात मिसळलेली माशांची हाडं, काटे, पक्ष्यांनी ओकून टाकलेले गोळे. या सगळ्यात बोटाच्या पेरापेक्षाही लहान अशा काचेच्या नळ्या सापडू लागल्या. एक-दोन नाही, हजारोंनी. यातली प्रत्येक नळी कोणीतरी शेकडो किलोमीटर वरच्या अंगाला एका जिवंत माशाच्या पोटात सोडलेली होती. तिचा नंबर, ती घातली तो दिवस आणि त्या दिवशीची माशाची लांबी, सगळ्याची नोंद होती.

माशांना इलेक्ट्रॉनिक टॅग लावण्याबद्दल लिहिताना बहुतेकदा टॅगच्या तंत्रज्ञानाचंच कौतुक होतं. मला मात्र हे प्रकरण जास्त शिकवणारं वाटतं, कारण इथे टॅगांचं वाचन झालं ते मासे मेल्यानंतर, आणि त्या वाचनाने नदीबद्दलचा सगळा विचार हलला.

टॅग मुळात कशासाठी होते

कोलंबिया आणि तिची मोठी उपनदी स्नेक यांच्यात सामन आणि स्टीलहेड या माशांची पिल्लं गोड्या पाण्यात जन्मतात. थोडी मोठी झाली की ती समुद्राकडे निघतात आणि काही वर्षांनी अंडी घालायला परत येतात. स्नेक नदीच्या वरच्या भागातल्या पिल्लाला जाताना आठ मोठी धरणं ओलांडावी लागतात. पहिलं लोअर ग्रॅनाइट, शेवटचं बोनव्हिल. १९९१ मध्ये स्नेक नदीतला सॉकाय सामन, १९९२ मध्ये तिथला चिनूक सामन आणि १९९७ मध्ये स्टीलहेड अमेरिकेच्या संकटग्रस्त प्रजातींच्या कायद्याखाली आले. त्यानंतर एक प्रश्न टाळता येण्यासारखा राहिला नाही: पिल्लं नेमकी कुठे मरतात? धरणाच्या टर्बाइनमध्ये, संथ झालेल्या जलाशयात, की त्याच्याही पुढे?

याचं उत्तर काढायला पिट टॅग वापरले गेले. १९८३ पासून अमेरिकेच्या सागरी मत्स्यसेवेने माशांसाठी ते घडवायला घेतले होते. नेहमीचा टॅग साधारण १२ मिलिमीटर लांब, दोन मिलिमीटर जाड आणि वजनाला सुमारे ०.१ ग्रॅम असतो. काचेच्या नळीत तांब्याच्या तारेची गुंडाळी आणि एक चिप असते, बॅटरी नसते. वाचक यंत्राच्या अँटेनाचं चुंबकीय क्षेत्र गुंडाळीवर पडलं की तेवढ्यापुरती वीज तयार होते, चिप जागी होते आणि आपला नंबर सांगते. अँटेनापासून दूर गेला की टॅग गप्प. बॅटरीच नसल्यामुळे तो संपतही नाही. मासा जगेल तितकी वर्षं चालतो आणि मासा मेल्यावरही चालतच राहतो. पुढचं सगळं प्रकरण या शेवटच्या गोष्टीतून निघालं.

धरणाच्या बाजूने पिल्लांना वळवून नेणाऱ्या वाटेत आणि मोठे मासे चढून येतात त्या फिश लॅडरमध्ये अँटेना बसवल्या गेल्या. मासा त्यातून गेला की नंबर, तारीख आणि वेळ आपोआप नोंदली जाते. संपूर्ण खोऱ्याच्या नोंदी पीटीएजीआयएस या एकाच माहितीसाठ्यात जमा होतात. तिथे दरवर्षी दहा लाखांहून अधिक माशांना असे टॅग लावले जातात. वेगवेगळ्या राज्यांनी, आदिवासी जमातींनी आणि केंद्रीय खात्यांनी लावलेले टॅग एकाच पद्धतीने वाचता येतात आणि नोंदी सगळ्यांना खुल्या असतात. ही शिस्त मला टॅगइतकीच महत्त्वाची वाटते. ती नसती तर बेटावर सापडलेल्या नळीला अर्थच उरला नसता.

एका पिल्लाला टॅग लावताना

हे काम जवळून पाहिलं की आकड्यांमागे काय आहे ते उमगतं. बादलीतल्या पाण्यात ट्रायकेन हे भुलीचं औषध मिसळलेलं असतं. या औषधाने पाणी आम्ल होतं, म्हणून त्यात सोडाही घालतात. दोनेक मिनिटांत पिल्लू तोल सोडून कुशीवर होतं, मग पोट वर करून तरंगतं. कल्ले मात्र हलत असतात. कल्ल्यांची हालचाल मंदावली तर भूल जास्त झाली असं समजायचं आणि पिल्लू लगेच स्वच्छ पाण्यात टाकायचं.

हात ओले हवेत, नाहीतर अंगावरचा बुळबुळीत थर निघून येतो आणि तिथून बुरशी शिरते. पिल्लू तळहातावर उताणं धरायचं. छातीचा पर जिथे संपतो त्याच्या जरा मागे, पोटाच्या मधल्या रेषेच्या किंचित बाजूला, जाड सुईचं टोक शेपटीच्या दिशेने तिरकं टेकवायचं. कातडी आणि स्नायूचा पातळ थर ओलांडला की हाताला प्रतिकार एकदम कमी झाल्याचं जाणवतं. तिथेच थांबायचं. सुई आणखी आत गेली तर आतड्याला किंवा प्लीहेला इजा होते आणि असं पिल्लू त्या दिवशी ठीक दिसलं तरी पुढे दगावतं. दट्ट्या दाबला की टॅग पोटाच्या पोकळीत जातो. टाके लागत नाहीत. छिद्र काही दिवसांत आपोआप मिटतं. पिल्लू वाचक यंत्रावरून फिरवायचं, बीप ऐकायचा, नंबर आणि लांबी नोंदवायची आणि भरपूर प्राणवायू असलेल्या पाण्यात शुद्धीवर येऊ द्यायचं. वापरलेली सुई अल्कोहोलमध्ये बुडवून ठेवल्याशिवाय दुसऱ्या माशाला लावायची नाही.

सरावलेल्या हाताला हे काही सेकंदांचं काम आहे. पण साठ मिलिमीटरच्या पिल्लाचं वजन जेमतेम दोन-अडीच ग्रॅम असतं. ०.१ ग्रॅमचा टॅग म्हणजे त्याच्या वजनाच्या चार-पाच टक्के. टॅग माशाच्या वजनाच्या दोन टक्क्यांपेक्षा जड नसावा, हा या क्षेत्रातला जुना ठोकताळा. तो सगळ्या माशांना सारखाच लागू पडतो असं नाही, पण टॅग लावलेला मासा हा टॅग न लावलेल्या माशाचा हुबेहूब प्रतिनिधी असतो हे गृहीत धरता येत नाही, याची तो आठवण करून देतो. कोलंबियाच्याच खोऱ्यात, याकिमा नदीतल्या हॅचरीच्या (माशांच्या कृत्रिम पैदास केंद्राच्या) चिनूकवर झालेल्या अभ्यासात समुद्रातून परतलेल्या माशांपैकी सरासरी १८ टक्क्यांनी टॅग गमावला होता. शिवाय टॅगमुळे परतणाऱ्यांची संख्याही घटली होती, सरासरीने सुमारे दहा टक्के आणि काही वर्षी त्याहून बरीच जास्त. म्हणजे टॅग मोजून काढलेलं जगण्याचं प्रमाण प्रत्यक्षापेक्षा कमी निघतं. ज्यांना हे माहीत नसतं ते सगळा दोष नदीवर टाकून मोकळे होतात.

बेटावर काय वाचलं गेलं

बोनव्हिल धरण समुद्रापासून सुमारे २३५ किलोमीटरवर आहे. तिथल्या अँटेनाने नोंदलेलं पिल्लू त्या क्षणी जिवंत होतं, एवढं नक्की. त्यानंतर ते थेट परतीच्या वाटेवर, दोन-तीन वर्षांनी फिश लॅडरमध्येच दिसणार. मधलं काहीच दिसत नव्हतं. नदीमुखाकडे एक उपाय करून पाहिला गेला: दोन बोटींच्या मध्ये ओढायचं जाळं, ज्याचं टोक उघडं ठेवून तिथे अँटेना बसवलेली. पिल्लं जाळ्यात शिरायची, अँटेनातून पार व्हायची आणि पुढे जायची. त्यातून जिवंत पिल्लांची काही नोंद मिळाली, पण न दिसलेल्यांचं काय झालं ते कळलं नाही.

तो धागा राइस बेटाच्या वाळूत सापडला. घरटी रिकामी झाल्यावर संशोधकांनी तिथे वाचक यंत्रं फिरवली तेव्हा ज्या टॅगांची शेवटची नोंद धरणावर होती ते वाळूतून उत्तर देऊ लागले. सुरय पक्ष्याने मासा गिळला, घरट्यावर येऊन पिल्लांना भरवला, हाडांबरोबर काचेची नळी ओकली किंवा विष्ठेतून टाकली. नळीला काहीही झालं नव्हतं.

पक्षी किती मासे खातात याचा हिशेब दुसऱ्या बाजूनेही मांडला जात होता. एका सुरय पक्ष्याला दिवसाकाठी किती ऊर्जा लागते, तो चोचीत काय आणतो, वसाहतीत पक्षी किती, यावरून १९९८ मध्ये राइस बेटावरच्या सुरयांनी अंदाजे १ कोटी २४ लाख पिल्लं खाल्ल्याचा आकडा निघाला. नदीमुखाच्या खाडीपर्यंत पोहोचलेल्या पिल्लांच्या तो सुमारे १३ टक्के होता. पण हे एकूण मासे झाले. त्यात कोण होते, हे या हिशेबातून कळत नव्हतं. कोणत्या जातीचे, कोणत्या उपनदीतले, हॅचरीत वाढलेले की रानटी, हे टॅगने सांगितलं.

सर्वांत जास्त बळी जात होते स्टीलहेड. ही पिल्लं आकाराने मोठी असतात आणि पृष्ठभागालगत पोहतात. सुरय हवेतून सूर मारतो तो जेमतेम वरच्या मीटरभर पाण्यात. चिनूकमध्ये हॅचरीतली पिल्लं रानटी पिल्लांपेक्षा जास्त सापडत होती. स्टीलहेड नुकताच कायद्याच्या संरक्षणाखाली आला होता. आठ धरणं पार करून आलेली, पैसा आणि कष्ट ओतून वाचवलेली पिल्लं शेवटच्या टप्प्यात माणसानेच घातलेल्या वाळूच्या ढिगावर संपत होती.

नळ्या मोजणं म्हणजे मासे मोजणं नव्हे

या प्रकरणातला हा भाग माझ्या मते सर्वांत मोलाचा आहे. बेटावर शंभर टॅग सापडले म्हणजे पक्ष्यांनी शंभर टॅगवाले मासे खाल्ले, असं म्हणून मोकळं होणं सोपं होतं. पण तसं म्हटलं असतं तर ते चूक ठरलं असतं.

एक तर वाळूत पडलेला प्रत्येक टॅग सापडत नाही. काही वाऱ्याने खोल गाडले जातात, काही लाटांबरोबर जातात, काही तुडवले जाऊन फुटतात. एकाच जागी टॅगांची दाटी झाली की दोन-तीन एकदम उत्तर देतात आणि यंत्राला कोणाचाच नंबर नीट लागत नाही. म्हणून संशोधकांनी माहीत असलेल्या नंबरांचे टॅग हंगामाच्या आधी, मध्ये आणि शेवटी स्वतःच वसाहतीत पेरले आणि नंतर त्यांतले किती परत सापडतात ते मोजलं. किती टॅग नजरेतून सुटतात हे त्यातून कळलं.

दुसरी गोष्ट कळायला बरीच वर्षं गेली. पक्षी खाल्लेला प्रत्येक टॅग घरट्यावरच टाकतो असं नाही. उडताना, पाण्यावर बसलेला असताना, दुसऱ्या किनाऱ्यावर विसावलेला असतानाही टाकतो. हे मोजायला पक्ष्यांना टॅग घातलेले मासे मुद्दाम खाऊ घातले गेले आणि ते टॅग वसाहतीत शोधले गेले. २०१५ मध्ये छापून आलेल्या निष्कर्षांनुसार कॅस्पियन सुरयांनी खाल्लेल्या टॅगांपैकी सुमारे ७१ टक्के वसाहतीत पडत होते, दुहेरी तुऱ्याच्या पाणकावळ्यांचे ५१ टक्के आणि कॅलिफोर्निया कुरव (गल) पक्ष्यांचे अवघे १५ टक्के.

हिशेब करून पाहू. समजा, वाळूत पडलेल्या दर दहा टॅगांपैकी आठ सापडतात. सुरयांच्या वसाहतीत १०० टॅग सापडले तर खाल्लेले टॅगवाले मासे निघतात सुमारे १७६. तेवढेच १०० कुरवांच्या वसाहतीत सापडले तर सुमारे ८३३. नळ्यांची संख्या तीच असूनही खाल्लेले मासे जवळजवळ पाचपट. कुरवांकडे आधी फारसं कोणाचं लक्ष नव्हतं त्याचं एक कारण हेच: त्यांच्या वसाहतीत टॅग कमी सापडत होते, आणि कमी सापडले म्हणजे कमी खाल्ले असा अर्थ लावला जात होता.

हीच सावधगिरी नदीतही बाळगावी लागते. मेलेल्या माशाचा किंवा अंड्यांबरोबर बाहेर पडलेला टॅग ओढ्याच्या तळाशी गोट्यांमध्ये अडकून राहतो. हातातली अँटेना फिरवणाऱ्याला तो जिवंत माशासारखाच नंबर देतो. अशा टॅगांना भुताचे टॅग म्हणतात. वारंवार गेलं तरी नंबर तसूभर हलत नाही, तेव्हा संशय घ्यायचा. बॅटरीवर चालणाऱ्या ध्वनी टॅगचीही हीच अडचण: मासा दुसऱ्याच्या पोटात गेला तरी टॅग आवाज देत राहतो आणि शिकारी माशाचा प्रवास आपण टॅग लावलेल्या माशाचा प्रवास म्हणून नोंदवतो. म्हणून आता पोटातल्या आम्लाने आवरण विरघळलं की स्वतःची खूण बदलणारे टॅगही निघाले आहेत. टॅग फक्त स्वतः कुठे आहे एवढंच सांगतो. मासा कुठे आहे आणि तो मासा आहे की नाही, हे आपल्याला सिद्ध करावं लागतं.

निर्णय

सुरय पक्षीही कायद्याने संरक्षित आहेत. त्यांना मारणं हा पर्याय नव्हता. ठरलं असं की त्यांना समुद्राच्या जवळ न्यायचं, जिथे सामनखेरीज दुसरे मासेही भरपूर मिळतील. मुखापासून आठेक किलोमीटरवर ईस्ट सँड बेट आहे. १९९९ पासून तिथे झुडपं काढून मोकळी वाळू केली गेली, सुरयांच्या प्रतिकृती मांडल्या गेल्या आणि वसाहतीचा कलकलाट ध्वनिक्षेपकावर वाजवला गेला. इकडे राइस बेटावर घरटी करू द्यायची नाहीत असे उपाय झाले. २००० मध्ये पक्षिसंवर्धन संस्था न्यायालयात गेल्या, पक्ष्यांना हुसकावण्याला चाप बसला आणि २००२ मध्ये तडजोड झाली. पण तोवर, २००१ मध्ये, सगळी वसाहत ईस्ट सँडवर आलेली होती.

परिणाम स्पष्ट होता. राइस बेटावर सुरयांच्या आहारात सामन आणि स्टीलहेडचा वाटा तीन चतुर्थांशाहून जास्त असायचा, तो ईस्ट सँडवर पहिल्या दोन वर्षांत निम्म्याच्या आसपास आला. खाल्लेल्या पिल्लांचा एकूण अंदाज १९९८ च्या निम्म्यावर उतरला. अवघ्या २६ किलोमीटरच्या स्थलांतराने हे साधलं, एकही पक्षी न मारता. माझ्या वाचनात मत्स्यसंवर्धनातले इतके नेमके उपाय थोडे आहेत, आणि ते सुचण्यामागे वाळूतून वाचलेल्या नंबरांचा मोठा हात आहे.

एक प्रश्न मात्र टॅगनेही सुटलेला नाही. पक्ष्याने खाल्लेलं पिल्लू तसंही पुढे मरणारच होतं का? अंगावर जखमा किंवा बुरशी असलेले स्टीलहेड पक्ष्यांच्या तावडीत जास्त सापडतात हे दिसलेलं आहे, म्हणजे शंकेला आधार आहे. २०२० मध्ये अशाच टॅगांच्या नोंदींवरून दोन वेगळ्या विश्लेषणांनी उलटसुलट निष्कर्ष काढले. एकाच्या मते पक्ष्यांनी खाल्लेल्यांमुळे परतणाऱ्या माशांच्या संख्येत फरक पडत नाही, दुसऱ्याच्या मते ते मरण इतर कारणांच्या वरचं, जास्तीचं आहे. लाखो टॅग हाताशी असूनही हे घडतं, कारण टॅग घडलेलं सांगतो आणि इथला प्रश्न न घडलेल्याबद्दल आहे.

पाणकावळे आणि पूल

ईस्ट सँड बेटावर दुहेरी तुऱ्याच्या पाणकावळ्यांचीही प्रचंड वसाहत होती आणि तिथेही टॅग सापडत होते. त्यांच्या बाबतीत सुरयांसारखा धीर धरला गेला नाही. २०१५ पासून त्यांची संख्या कमी करायला गोळ्या घालणं आणि अंड्यांवर तेल फासणं सुरू झालं. पाच हजारांहून अधिक पक्षी मारले गेले. मे २०१६ मध्ये पाणकावळे घरट्यांत अंडी टाकून अचानक बेट सोडून गेले. हळूहळू काही हजार जोड्यांनी वरच्या अंगाला अ‍ॅस्टोरिया–मेग्लर पुलाच्या लोखंडी सांगाड्यावर घरटी केली. पूल समुद्रापासून बेटापेक्षा दूर आहे. तिथे दुसरे मासे कमी आणि सामनची पिल्लं जास्त, त्यामुळे एकेका पक्ष्यामागे खाल्ली जाणारी पिल्लं वाढण्याचीच शक्यता आहे. राइस बेटाने जे शिकवलं त्याच्या नेमकं उलट घडलं.

ती वाढ किती, हे थेट मोजायची सोयही गेली. पुलाच्या तुळईवर बसून पाणकावळ्याने टाकलेला टॅग खाली वाहत्या पाण्यात पडतो. तिथे हंगामानंतर यंत्र फिरवायला वाळू नाही. ज्या पिल्लांची शेवटची नोंद बोनव्हिलच्या अँटेनावर झाली आणि जी पुन्हा कुठे दिसली नाहीत, त्यांतल्या कितींचे टॅग त्या पुलाखाली गाळात बसले असतील ते आता वसाहत चाळून कळणार नाही. पाणकावळ्यांना पुन्हा ईस्ट सँडकडे कसं वळवायचं, हाच आता त्या खाडीतला खरा प्रश्न आहे.